कुंपण घातलंय, मग रोही रस्त्यावर आला कुठून?

गोदाकाठ (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, मागच्या आठवड्यात गावाकडून परतताना माझ्या मित्राच्या गाडीवर रोही (नीलगाय) आदळला. पहाटेची वेळ, चौपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना जाळीचं कुंपण. एअरबॅग उघडल्या म्हणून निभावलं. मित्राचं मनगट मोडलंय, बाकीचे तिघे खरचटण्यावर सुटले. रोही जागीच गेला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. कुंपण होतं. थोडं मागे जनावरांना जायला अंडरपासही होता. तरी एवढं मोठं धूड रस्त्याच्या मधोमध. मग या सगळ्याचा उपयोग किती? समृद्धीवर प्राण्यांसाठी पूल केलेत असं वाचलंय, पेंचकडेही केलेत. उद्या जालना–नांदेडचा नवा द्रुतगती मार्ग यायचाय, शक्तिपीठ महामार्गाची आखणीही मराठवाड्यातूनच आहे. म्हणजे हा विषय आता आपल्या दाराशी आलाय. ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा. भूसंपादनावर वेगळा धागा आहे, तो वाद इथं नको.

परभणीकर · सोमवार, रात्री ९:३०

मित्र ठीक आहे हे वाचलं म्हणून विचारतो: रोह्याकडं फास्टॅग होता का? नसेल तर जास्त टोल बसतो.

माळढोक · सोमवार, रात्री १०:४७

गोदाकाठ, उपयोग होतो, आणि चांगलाच होतो. पण अर्धं काम केलं की ते उलटं अंगावर येतं.

आधी जिथं नीट झालंय तिथलं सांगतो. नागपूरच्या वर, मनसर ते खवासा. तिथं एनएच ४४ पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. रुंदीकरणावरून बरीच वर्षं कोर्टकचेरी झाली आणि शेवटी रस्ता नऊ ठिकाणी खांबांवर उचलावा लागला. पाच अंडरपास, चार छोटे पूल. सगळ्यात लहान ५० मीटरचा, सगळ्यात मोठा ७५० मीटरचा. पाऊण किलोमीटर जंगल रस्त्याच्या खालून सलग जातं, वर ट्रक. गाड्यांचा आवाज आणि हेडलाइटचा झोत खाली जाऊ नये म्हणून पुलांच्या कडेला आडोसे लावलेत. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर तिथं कॅमेरे लावले. १८ जातींचे वन्यप्राणी खालून गेलेले दिसले, ५,४५० छायाचित्रं मिळाली. वाघ ८९ वेळा गेला, आणि ते वेगवेगळे ११ वाघ होते.

जगात सगळ्यात जुना आणि नीट अभ्यासलेला नमुना कॅनडाच्या बान्फ राष्ट्रीय उद्यानातला. ट्रान्स-कॅनडा महामार्गावर १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं २.४ मीटर उंच कुंपण घातलं, ६ ओव्हरपास आणि ३८ अंडरपास बांधले. प्राण्यांशी होणाऱ्या टकरी ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. फक्त हरीणवर्गाचा हिशेब केला तर ९६ टक्क्यांहून जास्त. मात्र ग्रिझली अस्वलांना त्या वाटांची सवय व्हायला काही वर्षं लागली. उद्घाटनाच्या दुसऱ्या महिन्यात 'एकही प्राणी गेला नाही, पैसे पाण्यात' अशी बातमी छापणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आता तुमच्या मित्राचा रोही. २०१६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात लहान-मोठ्या कुंपणांची तुलना होती. ५ किलोमीटरपेक्षा लांब कुंपण असेल तर टकरी बहुतेक ठिकाणी ८० टक्क्यांच्या वर घटतात. त्याहून आखूड असेल तर सरासरी निम्म्यानंच, आणि ही घटही एका जागी एक तर दुसऱ्या जागी दुसरीच. कारण साधं आहे. जनावर कुंपणाला लागून चालत राहतं आणि जाळी संपली की आत शिरतं. एकदा आत शिरलं की दोन्हीकडं जाळी, बाहेर पडायला वाट नाही. मग ते रस्त्यावरच पळत सुटतं. मित्राला विचारा, रोही आडवा आला की समोरून पळत आला?

जागल्या · मंगळवार, सकाळी ६:०५

रातभर हरभऱ्यात जागल करून आत्ताच घरी आलोय, म्हणून जरा तिखट लिहितो, राग मानू नका.

माळढोक दादा, तुमच्या पेंचला रस्त्याच्या दोन्ही अंगाला जंगल हाय. वाघ या जंगलातून त्या जंगलात जातो. आमच्याकडं रस्त्याच्या दोन्ही अंगाला हरभरा, तूर, ज्वारी नाहीतर मोसंबीची बाग. रोही, हरणं, डुकरं इथं पाव्हणी येत नाहीत, ती इथलीच हायेत. दिवसा ओढ्यातल्या बाभळीत नाहीतर गायरानात बसायचं, रातच्याला आमच्या पिकात. अभयारण्य आमच्यापासून कैक कोस लांब.

रस्ता झाला, जाळी लागली. त्याच्या आधी रोह्यांचा कळप पार पलीकडच्या तीन-चार गावांत फिरायचा. आज इथं, उद्या तिथं, नुकसान सगळ्यांत वाटून जायचं. आता जाळीच्या या अंगाला जो कळप अडकला तो कायमचा आमच्याच शिवारात. पलीकडच्या गावातले म्हणायलेत, रस्त्यानं आमचं भलं झालं, हरणं गेली. गेली कुठं? आमच्याकडं! झटका मशीन (कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारी) लावली तर बाजूच्याच्या रानात जातात, त्यानं लावली की परत आमच्यात.

तवा कुंपणानं गाडीवाला वाचतो हे कबूल. पण कुंपणाचा हिशेब करताना शेतकरी कुणी धरतच नाही. आणि जाळी तोडतात म्हणून आम्हालाच शिव्या. तोडतात, खोटं कशाला बोलू. रान दोन्हीकडं असलेल्या माणसानं बैल घेऊन कुठून जायचं? पुढच्या पुलावरून वळसा मारून जायचं तर सकाळ तिथंच जाते.

पूलवाला · मंगळवार, सकाळी ११:३२

जागल्याभाऊंनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. मी मूळचा नांदेडचा, रस्त्यांच्या पुलांचीच कामं करतो, सरकारी नाही. जे कागदावर आणि जागेवर बघतो ते लिहितो.

आपल्याकडं 'अंडरपास' या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी ढकलतात. पाणी काढायची पाइपाची मोरी, ओढ्यावरचा बॉक्स, गाववाल्यांच्या बैलगाडी-ट्रॅक्टरसाठीचा बोगदा, आणि खास वन्यप्राण्यांसाठी बांधलेला पूल. शेवटचा प्रकार रस्ता संरक्षित जंगलातून किंवा व्याघ्रमार्गातून जात असेल तरच आखणीत येतो, कारण तिथं राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची परवानगी लागते आणि अटी घातल्या जातात. काटेपूर्णा, कारंजा-सोहोळ, तानसा अशी नावं समृद्धीच्या कागदांत येतात ती त्यामुळं. जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांत रस्ता मुख्यतः शेतजमिनीतून जातो. तिथं हरीण असलं तरी नकाशावर जंगल नाही. नकाशावर नाही म्हणजे आखणाऱ्याला दिसत नाही.

दुसरं, आकार. बोगद्याची रुंदी गुणिले उंची, भागिले लांबी, असा एक आकडा काढतात. बोगदा किती 'मोकळा' वाटतो त्याचं ते माप. लांबी म्हणजे जनावराला एका तोंडातून दुसऱ्या तोंडापर्यंत चालावं लागतं ती. ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच बॉक्स ४५ मीटर लांबीचा असेल तर १२ भागिले ४५, म्हणजे ०.२७. परदेशात हरणांसाठी निदान ०.६ तरी धरतात. आता त्याच रस्त्याखाली ५० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच पूल धरा: साडेपाचच्या वर. पेंचला वाघ का जातो आणि आपल्या बॉक्समध्ये काळवीट डोकावून मागं का फिरतं, ते या दोन आकड्यांत आहे.

साळिंदर, रानमांजर, कोल्हा, घोरपड यांचं तसं नाही, ते अरुंद बॉक्समधूनही जातात. मोरीसुद्धा चालते, फक्त तळाशी पाणी तुंबलेलं नको आणि तोंडाशी तीन फुटांचा खड्डा नको. बऱ्याच मोऱ्यांच्या उताराच्या बाजूला पाण्यानं माती खरवडून असा खड्डा झालेला असतो. बाहेर पडलेलं साळिंदर परत चढणार कसं? हे दुरुस्त करायला दगडांची एक खेप पुरते.

आणि ओव्हरपास म्हणजे खेळ नाही. एप्रिल २०२२ मध्ये नागपूरजवळ समृद्धीवर वन्यप्राण्यांसाठीच्या पुलाची कमान बांधकाम चालू असताना कोसळली होती, उद्घाटन त्यामुळं लांबलं. वर दोन-तीन फूट माती, झाडं, पावसात भिजल्यावरचं वजन, हे सगळं कमानीवर येतं.

माळढोक · मंगळवार, दुपारी १:१५

काळविटाबद्दल पूलवाल्यांशी सहमत. एक भर घालतो.

काळवीट माळरानावरचा प्राणी. त्याचा सगळा भरवसा नजरेवर आणि पळण्यावर. जिथं लांबचं दिसत नाही तिथं तो पाय घालत नाही. याच स्वभावाचं अमेरिकेतलं जनावर म्हणजे प्रॉन्गहॉर्न. वायोमिंगमध्ये ट्रॅपर्स पॉइंट नावाच्या जागी २०१२ मध्ये ६ अंडरपास आणि २ ओव्हरपास बांधले, मधे कुंपण. म्यूल हरणं बहुतेक खालून गेली. प्रॉन्गहॉर्न मात्र जवळजवळ सगळे वरून. एकच रस्ता, एकच कुंपण, आणि दोन जनावरांची दोन मतं.

आपल्याकडं वैजापूरपासून धाराशिवपर्यंत काळविटांचे कळप माळावर आहेत. त्यांना बोगद्यापेक्षा वरचा रुंद पूल मानवेल. जिथं रस्ता टेकाड कापून खाली गेलाय तिथं असा पूल कमी कष्टात होतो, कारण दोन्ही बाजूंची जमीन आधीच उंच असते. रस्ता भरावावरून गेलाय तिथं खालून वाट. जमिनीचा कल बघून ठरवायचं, नकाशावर पट्टी ठेवून नाही.

स्टेअरिंग_४०७ · मंगळवार, रात्री ११:५०

गाडी चालवणाऱ्याचं कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. माझा धंदा ट्रॅव्हल्सचा, रात्रीचाच.

समृद्धीवर छोट्या गाडीला १२० ची मर्यादा. १२० म्हणजे एका सेकंदाला ३३ मीटर. जनावर दिसलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो. पन्नास मीटर तिथंच गेले. नंतर गाडी थांबायला चांगल्या कोरड्या रस्त्यावर अजून ऐंशी मीटर. झाले एकशे तीस. आणि डीपर (दिव्याचा खालचा झोत) मारलेला असतो तेव्हा नीट उजेड पडतो पन्नास-साठ मीटर. म्हणजे जनावर दिसेपर्यंत टक्कर ठरलेली असते, तुम्ही कितीही भारी ड्रायव्हर असा. तीच गाडी ८० वर असेल तर सत्तर मीटरमध्ये उभी राहते. त्यातही धडकली तरी मार निम्म्याहून कमी.

नव्या पोरांना मी एवढंच सांगतो: स्टेअरिंग ओढायचं नाही. हरीण वाचवायला गाडी वळवली की दुभाजकावर नाहीतर बाजूच्या कंटेनरवर. सरळ रेषेत ब्रेक दाबायचा. समोरून गाडी नसेल तर अप्पर (वरचा झोत) मारून चालवायचं, डोळे चमकलेले लांबून दिसतात. एक रोही गेला की मोकळं झालं समजायचं नाही, मागं दुसरा असतोच. आणि मागच्या सीटवर पट्टा. रोह्याचा नर दोनशे किलोच्या वर भरतो, पाय लांब, त्यामुळं धक्का पायांना बसतो आणि धड थेट काचेवर येतं. डुकराचं उलटं, ते खाली घुसतं आणि गाडी पलटी मारते.

कुंपणाबद्दल माझा अनुभव: कुंपण असलेल्या रस्त्यावर माणूस जास्त निर्धास्त होतो आणि जास्त पळवतो. जिथं जाळी संपते, इंटरचेंज येतो, ढाब्यासाठी कुणीतरी तोडलेली असते, तिथंच जनावर उभं असतं. इंटरचेंज म्हणजे कुंपणाला पाडलेलं सरकारी भगदाडच की.

हो, गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर जनावर धडकल्याचा खर्च तुमच्याच खिशातून. पूर्ण पॉलिसी असेल तर मिळतो, पोलिसांत नोंद आणि फोटो ठेवा.

परभणीकर · मंगळवार, रात्री ११:५८

सर्व माहिती पटली. फक्त मागच्या सीटवर पट्टा लावा म्हटलं की आमचे मामा गाडीतून उतरतात.

पशुवैद्य_ताई · बुधवार, दुपारी ३:२०

माझ्याकडे टकरीतली जनावरं येतात त्याहून जास्त कुंपणातली येतात, हे इथे कुणाला माहीत नसावं. काटेरी तारेत पोट फाटलेलं हरीण, जाळीत शिंग अडकलेला काळवीट, जाळीवर तोंड आपटून जबडा मोडलेलं पिल्लू. रस्त्याच्या कडेला काटेरी तार नकोच. जाळी असावी, उंच असावी, आणि खालचा फूटभर भाग जमिनीत गाडलेला असावा. नाहीतर रानडुक्कर थुथन घालून जाळी उचलतं आणि त्या फटीतून मागून सगळे येतात. बिबट्याला तर जाळी म्हणजे शिडीच.

माळढोक यांनी म्हटलं तसं, आत अडकलेल्याला बाहेर जायला वाट हवी. रस्त्याच्या बाजूने मातीचा चढ आणि पलीकडे सरळ उडी, म्हणजे आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. बान्फसारख्या ठिकाणी हे असतंच. आपल्याकडे मी अजून पाहिलेलं नाही.

आता हात जोडून एक विनंती. धडकलेलं काळवीट जिवंत असेल तर त्याच्यामागे पळू नका, पकडून सेल्फी काढू नका, तोंडात पाणी ओतू नका. घाबरून जिवाच्या आकांताने धावल्यावर त्याचे स्नायू आतून निकामी होतात, बाहेरून एक ओरखडा नसतानाही ते काही तासांत किंवा दोन दिवसांत मरतं. डोळ्यांवर कापड टाका, गर्दी हटवा, शांतता ठेवा. रोह्याच्या मागच्या पायांपासून लांब राहा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. आधी स्वतःची गाडी बाजूला घेऊन चारही इंडिकेटर लावा, कारण मागून येणाऱ्या गाडीची दुसरी टक्कर पहिलीपेक्षाही जीवघेणी ठरू शकते.

आणि मेलेलं हरीण डिकीत टाकून नेणाऱ्यांसाठी: काळवीट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा ३ ते ७ वर्षं. 'आम्ही मारलं नाही, सापडलं' हे तिथे चालत नाही.

मेंढका · बुधवार, रात्री ८:४०

आमची मेंढरं वर्षातनं दोनदा चौपदरी ओलांडतात, दिवाळीनंतर खाली उतरताना आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत जाताना. कुंपण झाल्यावर आम्हीबी बोगद्यातूनच जातो. म्हणून तिथं काय असतं ते सांगतो.

पावसाळ्यात गुडघाभर पाणी. उन्हाळ्यात गावातल्या कुणाचा तरी कडबा रचलेला, म्हशी बांधलेल्या, एका ठिकाणी तर मंडपवाल्याचं सामान. संध्याकाळी पत्त्याचा डाव. रात्री कुत्री. आता हरीण तिथनं जाणार कसं? लांडगा मात्र जातो. मी मोठ्या ओढ्याच्या पुलाखाली ओल्या मातीत लांडग्याचा माग पाहिलाय, तरसाचाबी. तिथं पुलाखाली पाण्याच्या कडेनं कोरडी वाट होती आणि वस्ती लांब होती. जनावर ओढ्या-ओढ्यानंच चालतं. आमचे वाडेबी (मेंढरांचे मुक्काम) त्याच वाटेवर पडतात म्हणून लांडग्याशी आमचं जुनं भांडण.

माणसानं वापरलं म्हणून जनावर वापरत नाही असं मात्र नाही. दिवसा आम्ही, रात्री ती. फक्त रात्री तिथं दिवा आणि माणूस नको.

हिशेबनीस · गुरुवार, सकाळी १०:१०

सगळं वाचलं. पण एक विचारतो. आमच्या तालुक्याला जाणाऱ्या रस्त्याला साईडपट्टी नाही, गावाच्या फाट्यावर दिवा नाही, वळणावर माणसं मरतात. तिथं पैसा नाही आणि हरणासाठी कोट्यवधींचा पूल? वाघ असता तर समजू शकलो असतो. मराठवाड्यात कुठं आलाय वाघ?

माळढोक · गुरुवार, सकाळी ११:०४

वाघ आलाय. मार्च २०२१ मध्ये गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आला, तिथं १९४० नंतर पहिल्यांदाच वाघ दिसला. २०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंग घाट अभयारण्याच्या कॅमेऱ्यात आला, तोही यवतमाळच्या टिपेश्वरहून. म्हणजे पाचेकशे किलोमीटर, अर्ध्या मराठवाड्याचे रस्ते, रेल्वे रूळ आणि कालवे ओलांडून. येडशी तर सोलापूर–धुळे महामार्गाला लागूनच. त्याच महामार्गावर वर कन्नडचा घाट, म्हणजे गौताळा. दोन्ही वाघ एकाच रस्त्याच्या दोन टोकांना निघाले.

पण तुमचा मुद्दा मी वाघ दाखवून उडवणार नाही. टिपेश्वरचा वाघ दहा वर्षांत दोनदा येईल, रोही रोज रात्री येतो. गाडीवर आदळतो तो रोही. त्यामुळं इथला खर्च हरणासाठी जेवढा, तेवढाच कारमधल्या माणसासाठी. शिवाय प्रत्येक ठिकाणी पूलच हवा असंही नाही. कर्नाटकात बंदीपूरला २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ रस्ता बंद असतो. ते आपल्या रस्त्यांना शक्य नाही, पण वेग कमी करणं शक्य आहे. मध्य प्रदेशात भोपाळ–जबलपूर रस्त्यावर वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्पाच्या पट्ट्यात डांबरावर लाल रंगाचे, किंचित उंच चौकोन टाकलेत. गाडीला हलकी थरथर होते आणि पाय आपोआप उचलला जातो. पाटी वाचून आजवर कुणी वेग कमी केलाय?

पूलवाला · गुरुवार, दुपारी १२:४५

हिशेबनीस साहेब, खर्चाचं मी सांगतो, कारण रोज तेच करतो.

मराठवाड्यात पेंचसारखा साडेसातशे मीटरचा पूल कुणी मागत नाहीये. मेंढका भाऊंनी लिहिलं तेच धरा: जनावर ओढ्यानं चालतं. ओढ्यावर पूल तुम्हाला पाण्यासाठी बांधावाच लागतो. तो बांधताना पुराच्या पाण्याच्या हिशेबानं जितके गाळे (दोन खांबांमधली मोकळी जागा) लागतात त्याहून एक गाळा जास्त ठेवायचा, काठाला कोरडी मातीची पट्टी राहू द्यायची, तळाला काँक्रीट ओतून सगळं गुळगुळीत करायचं नाही. आणि कुंपण पुलाच्या तोंडाशी तुटक न सोडता दोन्हीकडून नरसाळ्यासारखं पुलाकडं आणायचं. एक गाळा जास्त आखणीच्या वेळी मागितला तर पुलाच्या एकूण खर्चात फार दिसत नाही. रस्ता झाल्यावर मागितला तर भराव फोडून, वाहतूक वळवून, कित्येक पटींत जातो. दुधना, सिंदफणा, पूर्णा, मांजरा, तेरणा, आणि त्यांना मिळणारे ओढे, यांवर नव्या रस्त्यांचे पूल होणारच आहेत. मागायची वेळ आत्ताची आहे.

वन्यजीव संस्थेची २०१६ ची मार्गदर्शिका आहे, रस्ते, रेल्वे आणि वीजवाहिन्यांसाठी काय उपाय करावेत यावर. आखणी करणाऱ्या प्रत्येक सल्लागाराकडं ती असते. ती जंगलाबाहेर वापरायला कुणी अडवलेलं नाही, पण कुणी मागितल्याशिवाय कपाटातून बाहेरही येत नाही.

देखभालीचं मात्र माझ्याकडं उत्तर नाही. कुंपण एकदा बसवण्याचे पैसे निविदेत असतात. दर महिन्याला चालत जाऊन भोकं बघायची आणि बुजवायची, हे काम ज्याच्या गळ्यात स्पष्ट शब्दांत बांधलेलं नाही ते होत नाही. आणि जागल्याभाऊंना बैल न्यायला वाट दिली नाही तर ते भोक बुजवलं तरी आठवड्यात परत पडणार, यात शंका नाही.

जागल्या · गुरुवार, दुपारी २:३०

पूलवाले, हे मात्र बरोबर बोललात. आमच्या इथं जाळी तुटते ती दरवेळी त्याच दोन जागी, जिथं पूर्वीची पाणंद होती. पाणंद मोडून जाळी लावली. तिथं फाटक नाहीतर बोगदा दिला असता तर जाळीला कुणी हात लावला नसता.

गोदाकाठ · गुरुवार, रात्री ९:४०

मित्राला विचारलं. रोही आडवा आला नव्हता, समोरून, रस्त्याच्या कडेकडेनं पळत आला. म्हणजे आत अडकलेलाच होता. आज दिवसा जाऊन पाहिलं: अंडरपासच्या तोंडापासून जाळी थोडी अलीकडंच संपते आणि पुढं दोन खांबांमधली जाळीच नाही. तिथून आतल्या बाजूला खुरांची चांगली मळलेली वाट आहे. अंडरपासमध्ये पाणी.

जालना–नांदेड मार्गाच्या कामासाठी आपण लेखी निवेदन द्यावं असं म्हणतोय. जाळीबद्दल वेगळं पत्र, आहे त्या रस्त्यासाठी. पण 'हरणं फार आहेत' असं लिहून काही होणार नाही, जागा द्याव्या लागतील. तुम्ही कुणी सांगाल का, जागा कशी लिहायची?

पूलवाला · गुरुवार, रात्री १०:२०

झालेल्या रस्त्यासाठी साखळी क्रमांक लिहा. कडेच्या दगडावर किंवा पाटीवर किलोमीटर आणि मीटर असतात, उदा. ४२/३००, आणि बाजू, डावी की उजवी. मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश जोडा. न झालेल्या रस्त्यासाठी गाव, गट नंबर आणि ओढ्याचं नाव. कुठला प्राणी, कुठल्या महिन्यात, अंदाजे किती वाजता, मेलेला की जाताना दिसला, हे वेगवेगळं लिहा. मेलेल्या जनावरांची जागा आणि जिवंत जनावरांच्या वाटेची जागा एकच असेल असं नाही, पूल दुसऱ्या जागी हवा असतो. फोटोवर तारीख दिसू द्या. लोकांच्या घरांचे, वाड्यांचे फोटो टाकू नका.

मेंढका · गुरुवार, रात्री १०:३१

आमच्या वाटेवरचे ओढे मी सांगतो, लिहून घेणारा कुणीतरी पाहिजे. नावं गावोगाव बदलतात.

पशुवैद्य_ताई · गुरुवार, रात्री १०:५०

मी लिहून घेते. माझ्याकडे आलेल्या जनावरांची नोंदवही आहे, कुठून आणलं ते प्रत्येक वेळी लिहिलेलं असतं. दोन्ही जुळवून बघू.

जागल्या · शुक्रवार, सकाळी ६:१५

आमच्या शिवारातला ओढा घ्या यादीत. बाभळीचं बन हाय, रोह्यांचा कळप तिथंच बसतो, पलीकडं गायरान. गाळा मोठा करा, कोरडी वाट सोडा, आमचा विरोध नाही. फक्त निवेदनात एक ओळ घाला, की त्याच पुलाखालून एका अंगानं बैलगाडीबी जाईल एवढी जागा ठेवा. ती ओळ असेल तर आमच्या गावच्या सह्या मी आणतो. हरभरा निघाल्यावर या, आत्ता जागलीमुळं कुणी घरी सापडायचं नाही.